ग्लोबल एंट्री, प्रीचेक की क्लिअर? एच-१बीवर राहणाऱ्या कुटुंबासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: नवरा एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा), बायको एच-४वर (त्याच्या जोडीदाराचा व्हिसा), दोघांचे पासपोर्ट भारतीय. सहा वर्षांचा मुलगा अमेरिकेत जन्मलेला, म्हणून अमेरिकन नागरिक. वर्षातून एकदा मुंबईची फेरी, शिवाय नवऱ्याचा कामानिमित्त महिन्याला एखादा देशांतर्गत प्रवास. आई दीड-दोन वर्षांनी बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसावर येतात. विमानतळावरच्या रांगा टाळायला टीएसए प्रीचेक (टीएसए या अमेरिकन विमानतळ सुरक्षा यंत्रणेच्या तपासणीची झटपट रांग) घ्यावं, ग्लोबल एंट्री (अमेरिकेत शिरतानाच्या इमिग्रेशनची झटपट रांग) घ्यावी, की क्लिअर? आणि आईंसाठी काही करता येईल का?

मी बरीच वर्षं कंपन्यांच्या ट्रॅव्हल डेस्कवर काम केलं आहे. या अर्जांनी माझा बराच वेळ खाल्ला आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी एक गोष्ट निकालात काढू. तुम्ही तीन पर्याय मांडलेत, पण तुम्हा दोघांच्या हातात खरा एकच आहे. प्रीचेकसाठी थेट अर्ज अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डधारक करू शकतात. एच-१बी, एच-४, एल-१ (कंपनीतली बदली), एफ-१ (विद्यार्थी) अशा व्हिसावाल्यांना ते दार बंद. ग्लोबल एंट्री मात्र भारतीय नागरिकांना जुलै २०१७पासून खुली आहे. तेव्हाचे अमेरिकेतले आपले राजदूत नवतेज सरना हे तिचे पहिले भारतीय सदस्य. आणि ग्लोबल एंट्री मिळाली की प्रीचेकची सोय तिच्यासोबत येते, वेगळे पैसे नाहीत, वेगळा अर्ज नाही. तेव्हा ‘आधी प्रीचेक घेऊन बघू, मग पुढचं पुढे’ हा विचार तुमच्या बाबतीत संभवतच नाही.

क्लिअर हा सरकारी कार्यक्रमच नाही. ती खाजगी कंपनी आहे. ती तुमची ओळख पटवण्याच्या रांगेतून तुम्हाला पुढे नेऊन सोडते, बस. पुढची बॅगांची आणि अंगाची तपासणी तुमच्याकडे प्रीचेक असेल तर प्रीचेकसारखी, नसेल तर इतरांसारखीच. वर्षाला दोनशे डॉलरच्या आसपास पडतात. ग्लोबल एंट्रीचे पाच वर्षांचे मिळून १२० डॉलर. दर सोमवारी सकाळी मोठ्या विमानतळावरून उडणाऱ्या सल्लागार मंडळींना ती परवडते, कारण बिल कंपनी भरते. महिन्यातून एकदा उडणाऱ्या माणसाने तो विषय सोडून द्यावा.

आता मुळात कोणती रांग कोण तोडतं ते बघू, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. मुंबईहून निघून न्यूअर्कला उतरायचं आणि तिथून पुढे एखाद्या लहान शहराचं विमान पकडायचं, असा प्रवास धरा. अमेरिकेत पहिल्यांदा जिथे पाय टेकता तिथेच इमिग्रेशन होतं, शेवटच्या गावी नाही. म्हणजे न्यूअर्कला पहिली रांग इमिग्रेशनची. इथे ग्लोबल एंट्री कामाची. पूर्वी कियॉस्कवर पासपोर्ट ठेवून, बोटं टेकवून कागदाची चिठ्ठी काढावी लागे. आता बहुतेक ठिकाणी कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा ओळखला गेला की अधिकाऱ्याकडे जायचं, तो एखाद-दुसरा प्रश्न विचारतो आणि सोडतो. २०२३पासून मोबाइल ॲपही आहे.

मग येतो बॅगांचा पट्टा. इथे जगातला कुठलाही कार्यक्रम तुमची मदत करू शकत नाही. आपण भारतातून येताना माणशी दोन-दोन मोठ्या बॅगा घेऊन येतो. इमिग्रेशन चार मिनिटांत झालं तरी लोणच्याची बॅग यायला चाळीस मिनिटं लागली तर आपण चाळीस मिनिटं उभे. ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो, कारण ‘ग्लोबल एंट्री घेतली आणि पहिल्याच खेपेला काही फरक पडला नाही’ अशी तक्रार घेऊन येणारे बहुतेक सगळे पट्ट्यापाशी अडकलेले असतात. इमिग्रेशनची रांग दोन तासांची असेल त्या दिवशी मात्र फरक डोळ्यांत भरतो, आणि एकाच तासात तीन-चार मोठी विमानं उतरली की रांग तेवढी होतेच.

बॅगा घेतल्या की कस्टम्स, मग त्या पुढच्या विमानासाठी परत टाकायच्या आणि पुन्हा टीएसएची सुरक्षा तपासणी. हो, पुन्हा. इथे प्रीचेक कामाला येतं. लॅपटॉप बॅगेतच, पट्टा कमरेलाच, हलकं जाकीट अंगावरच, द्रवांची पिशवी आतच. बूट न काढण्याची सवलत पूर्वी प्रीचेकचं मोठं आकर्षण होती. जुलै २०२५पासून टीएसएने ती सक्ती सगळ्यांसाठीच उठवली, त्यामुळे प्रीचेकचं तेवढं वजन कमी झालं. तरी सहा वर्षांचं पोर, दोन लॅपटॉप आणि झोपेने जड झालेले डोळे घेऊन उभं असताना ट्रे न मांडावे लागणं ही चैनच आहे. आणि एक लक्षात ठेवा, द्रव बाहेर काढावे लागत नाहीत म्हणजे मर्यादा उठली असं नाही. शंभर मिलीलिटरचा नियम प्रीचेकमध्येही तसाच. तूप, लोणचं, श्रीखंड हे टीएसएच्या लेखी द्रव किंवा जेलच. ते चेक-इनच्या बॅगेतच जाऊ द्या.

तुम्ही अबू धाबीमार्गे येत असाल तर चित्र जरा वेगळं. तिथे २०१४पासून अमेरिकेचं प्रीक्लिअरन्स आहे, म्हणजे अमेरिकन इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. डब्लिन आणि शॅननलाही तसंच, आणि कॅनडातल्या मोठ्या विमानतळांवरही. ग्लोबल एंट्री तिथे चालते. अबू धाबीला पुढच्या विमानाला वेळ कमी असेल तर ती तिथे सोन्यासारखी.

तेव्हा निर्णय असा: तुम्ही दोघांनी ग्लोबल एंट्रीचा अर्ज करा, आणि मुलाचाही करा. मुलाचाही हे मुद्दाम म्हणतो आहे. प्रीचेकमध्ये बारा वर्षांपर्यंतचं मूल आईवडिलांसोबत जाऊ शकतं. ग्लोबल एंट्रीत तसं नाही. तान्ह्या बाळालाही स्वतःचं सदस्यत्व लागतं. आईबाबा दोघं सदस्य आणि मूल नाही, अशा कुटुंबाला शेवटी मुलासोबत साध्या रांगेत जावं लागतं. मग २४० डॉलर कशासाठी भरले? ऑक्टोबर २०२४मध्ये फी १०० वरून १२० डॉलर झाली, पण त्याच वेळी एक चांगली गोष्टही झाली: आई किंवा वडील सदस्य असतील किंवा अर्ज करत असतील तर अठरा वर्षांखालच्या मुलांना फी नाही. मुलगा अमेरिकन नागरिक असल्यामुळे त्याचं काम बहुधा तुमच्या आधी होईल. त्याची मुलाखत होते तेव्हा पालकाने सोबत असायला हवं. ‘शाळेत काय आवडतं?’ असले प्रश्न विचारतात, घाबरू नका.

फी परत मिळत नाही, अर्ज नाकारला तरी. मात्र तुमच्याकडे प्रवासाचं एखादं महागडं क्रेडिट कार्ड असेल तर त्याच्या सवलतींची यादी आधी वाचा. अशी अनेक कार्डं दर चार वर्षांनी ही फी परत देतात, आणि लोकांना ते माहीतच नसतं.

अर्ज कुठे करायचा यावर दोन शब्द, कारण इथे पैसे जातात. अर्ज कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन या अमेरिकेच्या सीमा खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या टीटीपी (ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम्स) संकेतस्थळावर होतो, आणि लॉगिनसाठी लॉगिन डॉट गव्हचं खातं लागतं. शोधयंत्रात टाकलं की वर हुबेहूब सरकारी दिसणारी खाजगी संकेतस्थळं येतात. ती तुमचाच फॉर्म भरून देण्याचे शंभर-दीडशे डॉलर जास्त घेतात, आणि पासपोर्टची सगळी माहिती त्यांच्याकडे जाते ती वेगळी. पत्ता डॉट गव्हने संपत नसेल तर बाहेर पडा. ‘लवकर करून देतो’ म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात काही नसतं.

फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांचे पत्ते, नोकऱ्या आणि गेलेले देश विचारतात. मध्ये एक महिन्याची जरी फट राहिली तरी फॉर्म पुढे सरकत नाही. दोन नोकऱ्यांच्या मध्ये घरी बसला होता तर तसं लिहा. बायको एच-४वर असून काम करत नसेल तर तेच लिहायचं. मोकळी जागा सोडू नका. भारतातला पत्ता पाच वर्षांच्या आतला असेल तर तोही द्यायचा, आणि तो पासपोर्टवरच्या पत्त्याशी जुळत नसेल तरी खरा तोच द्यायचा. अटक, खटला, दारू पिऊन गाडी चालवण्याचा गुन्हा, याआधी कस्टम्सने पकडलेली एखादी वस्तू, हे सगळं विचारतात. जे असेल ते सांगा. जुन्या प्रकरणापेक्षा ते लपवलं या कारणाने अर्ज बुडालेले मी जास्त पाहिले आहेत.

भारतीय पासपोर्टधारकांचं खरं दुखणं इथून पुढे आहे. आपली पार्श्वभूमी तपासणी फक्त अमेरिकेकडून होत नाही, भारताकडूनही होते. पासपोर्ट सेवा पोर्टलवर ‘जीईपी’साठीच्या, म्हणजे ग्लोबल एंट्री प्रोग्रामसाठीच्या पडताळणीचा वेगळा अर्जच आहे, आणि त्यात पोलीस पडताळणीही येते. त्यामुळे तुमच्या ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्याला दोन आठवड्यांत सशर्त (मुलाखतीआधीची) मंजुरी मिळाली म्हणून तुमच्या अर्जात काहीतरी खोट आहे असं समजू नका. काही भारतीयांचं काम आठवड्यांत होतं, काहींचं वर्ष उलटून जातं, आणि दोघांच्या अर्जांत मला कधी फरक सापडला नाही. नवरा-बायकोने एकाच दिवशी अर्ज करून एकाचं झालं आणि दुसऱ्याचं अडकलं, असंही होतं. म्हणून पुढच्या दिवाळीला जायचं असेल तर अर्ज या दिवाळीला टाका.

सशर्त मंजुरी आली की मुलाखत. ती ७३० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. नोंदणी केंद्रांच्या तारखा मोठ्या शहरांत महिनोन्‌महिने मिळत नाहीत, आणि लोक तिथेच रोज सकाळी रिफ्रेश मारत बसतात. बसू नका. तुम्ही वर्षातून एकदा भारतात जाताच. परत येताना पहिल्या अमेरिकन विमानतळावर ‘एन्‌रोलमेंट ऑन अरायव्हल’ची सोय असते, तिला तारीख लागत नाही. इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला सांगायचं की सशर्त मंजुरी आहे, मुलाखत द्यायची आहे. तो तिथेच किंवा बाजूच्या काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे आणि पाच-दहा प्रश्न उरकतो. सोबत पासपोर्ट, व्हिसा आणि राहत्या पत्त्याचा पुरावा हवा: ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता असेल तर ते, नाहीतर विजेचं बिल. हा पुरावा चेक-इनच्या बॅगेत टाकून ‘तो बॅगेत आहे’ असं सांगणारे दर महिन्याला एक-दोन भेटतात. तो खिशात हवा. ही सोय सगळ्या विमानतळांवर नाही, म्हणून तिकीट काढतानाच यादी बघा आणि पुढच्या विमानाला किमान तीन तास ठेवा.

मंजुरी झाली की नऊ आकडी सदस्य क्रमांक मिळतो. प्रीचेकसाठी हाच तुमचा ‘नोन ट्रॅव्हलर नंबर’, केटीएन. कार्ड दाखवून प्रीचेकची रांग मिळत नाही. क्रमांक तिकिटात असावा लागतो, तेव्हा बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण येते. विमान कंपनीच्या खात्यात तो एकदा भरून ठेवा. कंपनीचं बुकिंग पोर्टल वापरत असाल तर तिथेही, कारण तिथून काढलेल्या तिकिटात तुमच्या वैयक्तिक खात्यातला क्रमांक आपोआप जात नाही.

आणि इथे आपल्या नावांची गंमत सुरू होते. मराठी माणसाच्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन नावं असतात, आडनाव वेगळ्या रकान्यात. म्हणजे ‘सुनीता रमेश’ हे गिव्हन नेम आणि ‘पाटील’ हे आडनाव. टीटीपीच्या फॉर्ममध्ये फर्स्ट नेम आणि मिडल नेम असे वेगळे रकाने. सुनीताबाईंनी तिथे ‘सुनीता’ आणि ‘रमेश’ वेगळं लिहिलं, तिकिटात ट्रॅव्हल एजंटने ‘सुनीतारमेश’ असं जोडून टाकलं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर तिसराच प्रकार. नाव, जन्मतारीख आणि क्रमांक जुळले तरच यंत्रणा खूण छापते. कुठेतरी एका अक्षरानेही फरक पडला तर गुपचूप साधा बोर्डिंग पास येतो. का आला ते कोणी सांगत नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीत हे चार फेऱ्यांत झालं. काउंटरवरची बाई म्हणायची, ‘रँडम आहे सर.’ शेवटी मी टीटीपीचं खातं एका खिडकीत आणि तिकीट दुसऱ्या खिडकीत उघडून अक्षर अक्षर ताडून पाहिलं, तेव्हा बुकिंग एजन्सीने माझ्या जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे टाकलेले दिसले. भारतीय पद्धत आणि अमेरिकन पद्धत. पाचव्या फेरीला खूण आली.

लग्नानंतर नाव बदललं असेल, नवा पासपोर्ट निघाला असेल, व्हिसा बदलून ग्रीन कार्ड झालं असेल, तर टीटीपीच्या खात्यात ते बदलावंच लागतं. नव्या पासपोर्टचा क्रमांक न भरता कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं तर साध्या रांगेत पाठवतात आणि तुम्ही मागून पहिले होता. नवा व्हिसा शिक्का घेऊन पहिल्यांदा येताना अधिकाऱ्याने बाजूला बोलावलं तर मनावर घेऊ नका. ग्लोबल एंट्री हा व्हिसा नाही, प्रवेशाची हमीही नाही. अधिकाऱ्याला वाटलं तर तो तुम्हाला केव्हाही साध्या रांगेत नेऊ शकतो.

एच-१बीवाल्यांनी एक गोष्ट न चुकता करावी. रांग इतकी झटपट सरकते की पासपोर्टवर शिक्का पडला की नाही हेही आठवत नाही. घरी पोचलात की सीबीपीच्या संकेतस्थळावरून आय-९४, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद, काढून बघा. पासपोर्टची मुदत व्हिसाच्या आधी संपत असेल तर आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मिळू शकतं. तुम्ही मनातल्या मनात एच-१बीच्या मंजुरीची तारीख धरून बसता, आणि सहा महिन्यांनी एचआरला कळतं की तुमचा मुक्काम संपला आहे. हे दुरुस्त करायला वकील लागतो. साध्या रांगेतही होतं, पण तिथे निदान अधिकाऱ्याशी दोन वाक्यं बोलणं होतं.

आता खाण्याच्या बॅगेकडे वळू, कारण सदस्यत्व जातं ते इथून.

एकदा बॅगांच्या पट्ट्यापाशी माझ्या पुढे एक गृहस्थ उभे होते, ग्लोबल एंट्रीने झटकन बाहेर आलेले. सीबीपीचा बीगल कुत्रा त्यांच्या ट्रॉलीपाशी आला, एकदा हुंगून थेट खाली बसला. भुंकला नाही, पंजा मारला नाही, नुसता बसला. त्याची खूण तीच. अधिकारी बाईंनी हसून विचारलं, खाण्याचं काही आहे का? गृहस्थ म्हणाले, नाही. बॅग उघडली. चिवडा, शंकरपाळे, आणि ओल्या फडक्यात नीट गुंडाळलेली कढीपत्त्याची जुडी. आईने शेवटच्या क्षणी ठेवली असणार. चिवड्याला कोणी हात लावला नाही. कढीपत्ता गेला, आणि ‘नाही’ म्हटल्याचा हिशेब वेगळा झाला.

ताजा कढीपत्ता अमेरिकेत आणता येत नाही. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला, त्यावरच्या किडीने इथल्या फळबागांचा रोग पसरतो. ताजी फळं-भाज्या नाहीत, मांसाचे पदार्थ नाहीत. तांदूळ नाही, हरभरेही नाहीत, कारण खापरा भुंगेरा आपल्या धान्यात असतो आणि त्याची अमेरिकेने धास्ती घेतली आहे. आंबा तर नाहीच. भारतीय हापूस अमेरिकेत २००७पासून कायदेशीर विकला जातो, पण तो विकिरणाची (किरणांनी कीड मारण्याची) प्रक्रिया होऊन व्यापारी मार्गाने येतो. लासलगावला त्यासाठी केंद्र आहे. तुमच्या बॅगेतल्या पेटीवर ती प्रक्रिया झालेली नसते. विमानात दिलेलं सफरचंदसुद्धा उतरताना खिशात राहिलं तर ते घोषित न केलेलं फळच.

इथला नियम समजून घ्या, म्हणजे भीती जाते. घोषित केलेली वस्तू मनाई असली तर ती फक्त काढून घेतात, दंड नाही. घोषित न केलेली सापडली तर शेकडो डॉलरचा दंड होऊ शकतो आणि सदस्यत्वही जाऊ शकतं. तुम्ही ‘विश्वासू प्रवासी’ म्हणून सही केलेली असते, त्यामुळे साध्या प्रवाशाला मिळणारी ताकीद तुम्हाला मिळेलच असं नाही. म्हणून मी घरच्या सगळ्यांना एकच वाक्य पाठ करायला लावलं आहे: खाण्याचं आहे. मसाले, मिठाई, चिवडा. विचारलं तर दाखवायला तयार. दहा मिनिटं जातात. आणि बॅग दुसऱ्या कोणी भरली असेल, म्हणजे आई, सासूबाई, आत्या यांपैकी कोणीही, तर विमानतळावर निघण्यापूर्वी ती एकदा स्वतः उघडा.

रोख रकमेचंही तेच. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त आणता येतात, फक्त सांगावे लागतात. ही मर्यादा माणशी नाही. एकत्र येणाऱ्या कुटुंबाची मिळून मोजतात.

नेक्सस आणि सेंट्रीबद्दल विचारलं नाहीत, पण गुगल केलंत तर दिसेलच. नेक्सस कॅनडाच्या सीमेसाठी, सेंट्री मेक्सिकोच्या. सिॲटल, बफेलो किंवा डेट्रॉइटला राहून आठवड्याला सीमा ओलांडणाऱ्यांसाठी नेक्सस उत्तम, पण तेही मुख्यतः अमेरिका-कॅनडाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यासाठी. तुम्हाला लागू नाही.

उद्या ग्रीन कार्ड आलं तर एक नवा रस्ता उघडतो: मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं सीबीपीचं फुकट ॲप. विमान टेकल्यावर सेल्फी काढून प्रश्नांची उत्तरं भरायची आणि वेगळ्या रांगेत जायचं. बऱ्याच विमानतळांवर ती रांग ग्लोबल एंट्रीइतकीच छोटी असते. ना फी, ना मुलाखत, ना पार्श्वभूमी तपासणी. ग्रीन कार्डधारक वर्षातून एकदाच बाहेर जात असेल आणि देशांतर्गत फारसा उडत नसेल, तर मी त्याला हे ॲप वापर आणि पैसे वाचव असंच सांगतो. एच-१बीवाल्यांना ते चालत नाही.

भारतातल्या टोकाचंही सांगून टाकतो. भारत सरकारने जून २०२४मध्ये दिल्लीत एफटीआय-टीटीपी हा झटपट इमिग्रेशनचा कार्यक्रम (वरच्या अमेरिकन टीटीपीशी त्याचा संबंध नाही) सुरू केला, आणि जानेवारी २०२५मध्ये तो मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद इथे आला. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) दोघांनाही खुला आहे, आणि फुकट आहे. ऑनलाइन अर्ज, तपासणी झाली की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद, मग इमिग्रेशनला ई-गेट. मुदत पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, जे आधी संपेल ते. रात्री दोन वाजता मुंबईच्या इमिग्रेशन हॉलमध्ये उभं राहिलेल्याला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. तुम्ही दोघांनी तो अर्ज आजच टाका. मुलाचं ओसीआय असेल तर त्याच्यासाठी वयाची अट वाचून घ्या. सुरक्षा तपासणी किंवा कस्टम्सशी त्याचा संबंध नाही, फक्त इमिग्रेशन. आणि डिजियात्राशी त्याची गल्लत करू नका. ते विमानतळात शिरण्याचं आणि बोर्डिंगचं काम सोपं करतं, त्याला पार्श्वभूमी तपासणी लागत नाही.

राहिल्या आई. त्या भारतीय नागरिक आहेत, म्हणजे ग्लोबल एंट्रीचा अर्ज त्याही करू शकतात. पण मी करायला सांगणार नाही. दीड-दोन वर्षांनी एकदा येणार, इंग्रजी फॉर्म, पोलीस पडताळणी, मुलाखत. एवढ्यात त्यांच्या पाच वर्षांतल्या तीन फेऱ्या होतील. त्यापेक्षा तिकिटात व्हीलचेअरची सोय मागून घ्या. गुडघे दुखत असतील किंवा लांब चालणं जमत नसेल, तर त्यात संकोच कसला. सोबतचा माणूस त्यांना इमिग्रेशनच्या वेगळ्या रांगेतून नेतो, बॅगा पट्ट्यावरून काढायला मदत करतो आणि पुढच्या विमानापर्यंत सोडतो. एकट्या येत असतील तर त्यांच्या पर्समध्ये एक कागद द्या: तुमचा पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीच्या तिकिटाची तारीख, आणि बॅगेत खाण्याचं काय काय आहे याची इंग्रजीत यादी. अधिकाऱ्याने विचारलं की त्यांनी तो कागद पुढे करायचा.

तुमच्यासोबतच येत असतील, तर मात्र तुम्ही दोघं तुमच्या रांगेतून बाहेर पडून पट्ट्यापाशी त्यांची वाट बघा, किंवा तुमच्यातल्या एकाने त्यांच्यासोबत साध्या रांगेत उभं राहा. तुमच्या सदस्यत्वावर त्यांना आत नेता येत नाही.